शेवटचं पान जाड होतं

मित्रांनो, मी एक जुनी रंगवायची वही आहे. माझ्या मुखपृष्ठावर न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला एक पाणघोडा आहे. त्याच्या डोक्यावर मोजून तीन केस आहेत आणि न्हावी अगदी गंभीर चेहऱ्याने त्याला विचारतोय, "भांग कुठून पाडू?" मला उघडण्याआधीच लोक हसतात आणि मला त्याची सवय आहे. आज जी हकिकत सांगणार आहे ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यातली पहिली लबाडी माझी होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मला एकंदर तेहतीस पानं. लिफ्टमध्ये अडकलेला हत्ती, पासपोर्टच्या फोटोत मान न मावणारा जिराफ, आठ बाह्यांचा स्वेटर विणून थकलेला ऑक्टोपस, मगरीच्या जबड्यासमोर थरथरत उभा असलेला दातांचा डॉक्टर, अशी सगळी मंडळी माझ्या पोटात राहतात. आतली बत्तीस पानं पातळ कागदाची. शेवटचं पान मात्र मुखपृष्ठाच्या उरलेल्या जाड कागदाचं. त्यावर इन्स्पेक्टरची टोपी घातलेलं माकड आहे आणि खाली लिहिलंय, 'रंग आधी इथे तपासा.'

हे असं का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. छापखान्याचा मालक कामगाराला म्हणाला होता, "गिऱ्हाईक पेन घेऊन तिथेच घासणार. तिथे टिकलं की विषय संपला." म्हणजे परीक्षा द्यायला एक हुशार पान पुढे केलेलं आणि बाकीची बत्तीस त्याच्या आडोशाला बसलेली. मला तेव्हा ते चांगलंच वाटलं. आपण हुशार घरातल्या आहोत असंही वाटलं.

सगळ्यात शेवटी आम्हाला कटिंग मशीनखाली ठेवलं. ते मशीन तुम्ही पाहिलं नसेल. कागदाचा गठ्ठा खाली, त्यावर दाबपट्टी, आणि वर हातभर लांबीचं पातं. एक जण गठ्ठा सरळ करतो, दुसरा दांडा ओढतो. पातं खाली येतं तेव्हा आवाज मोठा होत नाही, नुसतं 'खस्स' होतं आणि तिन्ही बाजूंचं जास्तीचं सगळं गळून पडतं. आमचा गठ्ठा सरळ करणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. तो त्यावरून विनोद करायचा आणि बाकीचे हसायचे. मी मात्र ते पातं विसरले नाही.

पुढचे कितीतरी महिने मी स्टेशनरीच्या एका दुकानात फळीवर उभी होते. शेजारी बारीक नक्षीची एक वही होती. ती स्वतःला फार समजायची. मुलं मला काढून खिदळायची आणि त्यांच्या आया मला परत ठेवायच्या. "यात शिकण्यासारखं काय आहे?" असं त्या विचारायच्या आणि मुलांना उत्तर देता यायचं नाही. माझ्या पाठीवर धूळ बसू लागली.

एका गुरुवारी संध्याकाळी एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले. नात दहा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. आजोबा उंच, अंगाने सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुकानदार काकूंशी बोलायला सुरुवात केल्या केल्या त्यांनी दोन्ही पंजे गल्ल्यासमोर उघडून धरले.

"चाळीस वर्षं छापखान्यात कटिंगवर काढली. मोजा, दहाची दहा शाबूत आहेत."

"मागच्या वेळीही मोजली होती, काका," काकू म्हणाल्या.

"परत मोजा. सोमवारपासून परत कामावर चाललोय. पंधरा दिवसांसाठी बोलावलंय. त्यांचा माणूस रजेवर गेलाय आणि त्या जुन्या मशीनला हात लावायला दुसरं कुणी धजत नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत त्यांना कुणी कशालाच बोलावलं नव्हतं. भिंगरीचे वडील नोकरीसाठी परगावी, आई, म्हणजे आजोबांची मुलगी, शहरातली बस चालवायची. शाळा सुटल्यावर भिंगरीला सोबत आजोबांचीच. आता पंधरा दिवस ते नसणार, म्हणून तिला तिच्या पसंतीची वही आणि रंग घेऊन द्यायचं ठरलं होतं. अट एकच. कागद आजोबा पास करणार.

भिंगरीने नक्षीच्या वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने मला काढलं, लिफ्टमधला हत्ती पाहिला आणि हसता हसता खालीच बसली. "हीच," ती म्हणाली.

"थांब. चित्रं बघून वही घेतात होय? कागद बघायचा. आणि कागद कशाने बघायचा?"

"बोटांनी," भिंगरी म्हणाली. हे तिला पाठच होतं. ती अगदी लहान असल्यापासून दोघं एक खेळ खेळायची. डोळे मिटायचे, हातात कागद घ्यायचा आणि जाड की पातळ ते सांगायचं. वर्तमानपत्र, पाकीट, बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका. आजोबा कधीच हरले नव्हते.

त्यांनी माझं एक आतलं पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं. मग शेवटचं पान धरलं. मित्रांनो, हा छापखान्यातला माणूस. दोन पानांमधला फरक याला कळला नाही तर कुणाला कळणार? आता हा हसणार, म्हणणार, "बाई, शेवटी जाड पान लावून फसवलंय तुम्हाला," आणि मी पुन्हा धुळीत जाणार.

ते म्हणाले, "एकशेवीस ग्रॅम. चांगला जाड, एकसारखा कागद आहे."

मग त्यांनी नमुन्याच्या डब्यातला एक जाड टोकाचा मार्कर उचलला. टोपण काढलं की नाकाला झोंबतो ना, तसल्यातला. माकडाच्या बाजूला एक गोल रंगवला, मनात वीस मोजले आणि पान उलटलं. मागे डाग नव्हता. दुसरा रंग, तिसरा रंग, कुठेही डाग नाही. "पास," त्यांनी जाहीर केलं, आणि बारा मार्करांच्या पाकिटासकट मी पिशवीत गेले.

सुटले, असं मला वाटलं. पिशवीत अर्धा रस्ता मी खुशीत होते. मग हळूहळू मला ते आठवू लागलं. त्या बोटांनी मला धरलं तेव्हा ती फार जोरात दाबत होती. ज्याला कळतं तो कागद हलकाच धरतो. त्या बोटांना माझ्यातलं काहीच कळलं नव्हतं. जाड नाही, पातळ नाही, कदाचित मी हातात आहे हेसुद्धा नाही. आणि सोमवारी ती बोटं पात्याखाली जाणार होती.

शुक्रवारी दुपारी घरात आजोबा एकटेच होते. मी जेवणाच्या टेबलावर पडले होते. त्यांनी चहा उकळला आणि पातेलं पकड न घेता, तसंच काठाला धरून उचललं. कपात चहा ओतून ते शांतपणे खाली ठेवलं. मग बोटांकडे पाहिलं. टोकं लालबुंद झाली होती. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे ते आपल्या हाताकडे बघत राहिले, आणि मग नळाखाली धरून आले.

परत येऊन त्यांनी मला पुढे ओढलं. डोळे मिटले. पानं उलटत उलटत एका ठिकाणी थांबले आणि पुटपुटले, "पातळ." डोळे उघडले तर समोर टोपीवालं माकड. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा चुकले. असं त्यांनी चार वेळा केलं. चौथ्या वेळी त्यांनी माझं पान गालावर लावून पाहिलं. गालाला बरोबर कळलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला वाटलं होतं की त्यांना पत्ताच नसेल, पण त्यांना पक्कं माहीत होतं.

मला वाटलं, आता ते फोन उचलतील आणि छापखान्याला नाही म्हणून कळवतील. त्यांनी रद्दीतली वर्तमानपत्रं काढली, मला त्यावर ठेवलं आणि गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करायला घेतला. मग बोटांची टोकं गठ्ठ्याच्या कडेवरून फिरवली आणि म्हणाले, "हां." दांडा ओढणाऱ्याला खूण द्यायची ती अशीच. 'हां' म्हणायचं आणि त्याच क्षणी बोटं बाहेर. पण त्यांनी 'हां' म्हटल्यावरही दोन बोटं माझ्या कडेवर तशीच राहिली होती. ती तिथे आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं. मान खाली घालून त्यांनी ती पाहिली आणि झटकन ओढून घेतली. पुन्हा गठ्ठा ठोकला. पुन्हा "हां." तासभर हे चाललं होतं. पातं यायला किती वेळ लागतो ते मी अंगावर घेतलेलं आहे. त्या तासात त्यांची बोटं निदान सहा वेळा गेली असती.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण वहीला तोंड नसतं. माझ्याजवळ सांगण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मला शनिवारी सापडला.

शनिवारी सकाळी भिंगरीने आतला पाणघोडा रंगवायला घेतला. जांभळा पाणघोडा, हिरवी खुर्ची, लाल तीन केस. मी रंग अजिबात धरून ठेवला नाही. खरं सांगायचं तर मला धरताही आला नसता, पण त्या दिवशी मला तो धरायचाही नव्हता. तिने पान उलटलं आणि तिचा चेहरा पडला. मागचा मगरीसमोरचा डॉक्टर जांभळ्या डागांनी भरला होता. डागांतून पुढच्या पानावरही एक ठिपका उतरला होता.

"आजोबा, रंग मागे फुटला. तुम्ही तपासलं होतं ना?"

आजोबांनी पान पाहिलं. "पेनं बदलून दिलीत त्या बाईने. चल, विचारू तिला."

त्यांचा आवाज चढला होता. घाबरलेल्या माणसाचा चढतो तसा. मला काखेत मारून, भिंगरीला हाताला धरून ते तडक दुकानात गेले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर आजोबा म्हणाले, "बाई, दाखवायला एक आणि द्यायला एक, असं करता का तुम्ही?"

काकूंना ते लागलं. त्यांनी मला उघडलं, पाणघोड्याचं पान चिमटीत धरलं, मग माकडाचं पान धरलं. पुन्हा पाणघोड्याचं. मग त्यांनी आजोबांकडे बघितलं, आणि त्यांचा राग उतरत गेलेला मला दिसला.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटचं पान जाड आहे. बाकीची पातळ आहेत. हे मी तुम्हाला सांगायचं?"

आजोबांचे कान लाल झाले. "हो, हो. ते माहितीये मला," ते म्हणाले. "मी पेनांचं विचारत होतो." आणि मला उचलून ते बाहेर पडले. भिंगरी मागून आली. दर दोन पावलांना उडी मारणारी ती पोर घरापर्यंत सरळ चालली. वाटेत तिने मला त्यांच्याकडून मागून घेतलं आणि चालता चालता डोळे मिटून माझी पानं चाचपली. पातळ, पातळ, पातळ, जाड. एका फटक्यात कळत होतं.

रविवारी दुपारी आई झोपली होती. तिची सकाळची पाळी झाली होती. भिंगरीने मला आजोबांसमोर ठेवलं.

"खेळायचं?"

"आत्ता नको."

"एकच डाव. डोळे मिटा."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी डोळे मिटले. भिंगरीने त्यांच्या बोटात एक पान दिलं. "पातळ," ते म्हणाले. ते शेवटचं होतं. तिने आतलं दिलं. "पातळ." मग पुन्हा आतलं. "जाड," ते म्हणाले, आता पाळी जाडाची असणार असा अंदाज करून. तिने टेबलावरची टोक काढलेली पेन्सिल उचलली आणि तिचं टोक त्यांच्या बोटाच्या पेरावर हलकंच टेकवलं.

"काय लावलं मी?"

तिच्या मनगटाचा त्यांच्या तळव्याला स्पर्श झाला असावा. "तुझं बोट," ते म्हणाले.

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी डोळे उघडले आणि पेन्सिल बघितली. आतल्या खोलीत आईने कूस बदलल्याचा आवाज आला.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"तीनेक महिने. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"आईला सांगते मी."

"नको गं. ती जाऊ देणार नाही."

"मग बरोबरच आहे ना."

"पंधराच दिवस, भिंगरे. फोनवर मालक काय म्हणाला माहितीये? काका, तुमच्याशिवाय होणार नाही. हे दोन वर्षांनी ऐकलं मी. इथे घरात मी काय करतो? रद्दीच्या घड्या घालतो." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी जपून करीन. डोळ्यांनी बघून करीन."

"तुम्हीच सांगता, डोळ्यांनी बघायला गेलं की उशीर होतो."

भिंगरीने नाक पुसलं. मग ती जे बोलली ते मी आयुष्यात विसरणार नाही. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही सांगा. उद्या आई निघायच्या आत."

"सांगतो," आजोबा म्हणाले. पण मी तो सूर ओळखला. 'एकशेवीस ग्रॅम' म्हणाले होते, तोच सूर होता तो.

सोमवार उजाडला. आजोबांनी जुना खाकी डगला चढवला. दोन वर्षांनी तो खांद्यावर सैल झाला होता. आई गणवेश घालून केस बांधत होती. ती वाटेत त्यांना छापखान्यापाशी सोडून मग डेपोत जाणार होती. भिंगरी टेबलाशी मला उघडून बसली होती, हातात काळा मार्कर. समोर लिफ्टमधला हत्ती.

"बाबा, डबा घेतला?" आईने विचारलं.

"घेतला."

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पिशवीकडे पाहिलं. भिंगरीने मार्करचं टोक हत्तीच्या पायाशी टेकवलं आणि ते तिथेच धरलं. रंगवलं नाही, हलवलंही नाही. टोकाभोवती शाई पसरू लागली. आधी टिकलीएवढी, मग बटणाएवढी.

"चष्मा?"

"आहे खिशात."

पहिलं पान ओलं झालं. शाई माझ्या आत उतरली, दुसऱ्या पानावर जिराफाच्या कपाळात. मला ती थंड लागत होती. भिंगरी टोक उचलत नव्हती. आजोबांना आता ते दिसलं होतं. दाराच्या कडीवर हात ठेवून ते वळून बघत होते.

"भिंगरे, पेन उचल. वही खराब होतेय," आई चपला शोधत म्हणाली.

भिंगरीने उचललं नाही. तिसरं पान. ऑक्टोपसची एक बाही काळी झाली. मित्रांनो, वही म्हणून मला त्या क्षणी दुखायला हवं होतं. पण मी मनात म्हणत होते, आणखी दाब, पोरी. माझ्यातून आरपार जाऊ दे. जाड पानापर्यंत गेलं तरी चालेल.

आईला चपला मिळाल्या. तिने गाडीची किल्ली उचलली. "चला, बाबा. आज उशीर नको."

चौथं पान.

"थांब," आजोबा म्हणाले.

ते आईला म्हणाले की भिंगरीला, मला कळलं नाही. ते टेबलापाशी आले, भिंगरीचा हात धरून त्यांनी मार्कर वर उचलला आणि टोपण लावलं. टोपण लावताना ते दोनदा चुकलं आणि शाई त्यांच्या अंगठ्याला लागली. मग त्यांनी दोन्ही पंजे आपल्या मुलीसमोर उघडून धरले. गल्ल्यासमोर धरायचे तसेच. पण यावेळी त्यांनी मोजा म्हटलं नाही.

"यांना काही कळत नाही गं," ते म्हणाले. "जाड नाही, पातळ नाही, गरम नाही. तीन महिने झाले. मी बोललो नाही."

आईने किल्ली खाली ठेवली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने त्यांचे हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि शुक्रवारचा फोड तिला दिसला. "आणि आज तुम्ही त्या मशीनवर जाणार होतात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

त्या दिवशी आई कामावर गेली नाही. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तातली साखर कितीतरी वाढलेली निघाली. त्यामुळे बोटांच्या नसांना इजा झाली होती. काही परत येईल, काही येणार नाही, किती ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. छापखान्याच्या मालकाला आजोबांनी स्वतः फोन केला. फोन करताना ते उभे राहिले होते. दोन दिवसांनी मालकाचाच उलट फोन आला. गठ्ठा सरळ करायला दुसरा माणूस मिळालाय, पण त्याला शिकवणार कोण? आजोबा गेले. मशीनपासून चार हात लांब स्टुलावर बसून त्यांनी पंधरा दिवस त्या माणसाला इतकं हैराण केलं, की तो मेटाकुटीला आला. पण त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत.

दुकानातल्या काकूंची माफी मागायलाही ते गेले. मला सोबत घेऊन गेले होते. काकूंनी मला पुन्हा उघडलं, चार पानांतून आरपार गेलेला काळा डाग पाहिला आणि विचारलं, "हे काय?" आजोबा म्हणाले, "ही तपासणी. पास झालो नाही."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भिंगरी मोठी झाली, शिकायला परगावी गेली. माझी निम्मी पानं रंगलेली, निम्मी डागाळलेली. पाठीचा डिंक सुटलाय. हत्तीच्या पायाशी भोक पडलंय आणि त्यातून खालचा जिराफ दिसतो. मला कुणी आता विकत घेणार नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मी आजोबांच्या उशाशी असते. रोज सकाळी ते डोळे मिटून माझी दोन पानं चाचपतात. अंगठ्याला आता बऱ्यापैकी कळतं. बाकीची बोटं मनाला येईल तेव्हा बोलतात.

मित्रांनो, तुम्ही नवी वही घ्याल, रंग घ्याल, तेव्हा माझं एक ऐका. रंग शेवटच्या पानावर तपासू नका. जे पान रंगवायचं आहे त्याच पानाच्या कोपऱ्यात, छोटासा ठिपका देऊन तपासा. शेवटचं पान मुद्दाम जाड केलेलं असतं. माणसंसुद्धा तुमच्यापुढे आपलं जाड पान करतात, आणि ज्यांच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा असतो तीच जास्त करतात. त्यांच्यावर रागावू नका, पण आतलं पान कधीतरी हातात घेऊन बघा.

भिंगरी सुट्टीत घरी आली की आधी मला उचलते. "डोळे मिटा," ती म्हणते आणि त्यांच्या करंगळीखाली एक पान सरकवते. "जाड की पातळ?"

आजोबा विचार करतात. पूर्वी ते लगेच काहीतरी ठोकून द्यायचे. आता ते बोट पानावर ठेवून थांबतात, आणि मग म्हणतात, "माहीत नाही गं. तूच सांग."

आणि ती सांगते.